पाइप तपासणाऱ्याची मुलगी

धाकटीने सकाळी सातला स्टीलच्या दोन बाटल्या भरल्या. एकीत स्वतःसाठी लिंबूपाणी, चिमूटभर मीठ घालून; दुसरीत बाबांचं पोट साफ करायचं औषध, लिंबाच्याच स्वादाचं. दोन्हींवर चिकटपट्टी लावून एकीवर ‘मी’ लिहिलं, दुसरीवर ‘बाबा’, आणि गार व्हायला दोन्ही फ्रीजमध्ये ठेवल्या. आपण किती काळजी घेतली होती, हे त्या दिवशी तिने आईला निदान तीनदा ऐकवलं.

दिवसच तसा होता. दुपारी चारला बाबांची दुर्बिणीची तपासणी होती. मोठ्या आतड्यात कॅमेरा घालून बघायचं, एवढंच. पण ते एवढंच करून घ्यायला बाबांनी दोन वर्षं टाळाटाळ केली होती. त्याआधी दहाला आणि अकराला धाकटीच्या दोन मुलाखती होत्या. पोटविकारांची फेलोशिप तिला हवी होती आणि एका थोरल्या आणि एका धाकट्या रुग्णालयाने तिला पडद्यावर, व्हिडिओ कॉलवर, बोलावलं होतं. संध्याकाळी सहाच्या आत पहिली पसंती कळवायची. पुढची तीन वर्षं कुणाच्या हाताखाली काढायची, ते त्यावर ठरणार होतं.

तिने त्यासाठी तक्ता केला होता. वर्षाला किती तपासण्या हाताखालून जातात, रात्रपाळ्या किती, शिकून बाहेर पडलेल्यांना नोकरी किती दिवसांत लागते, सगळ्याला गुण. थोरल्या रुग्णालयाला एक्क्याऐंशी, धाकट्याला चौसष्ट.

“एवढं गणित कशाला मांडतेस?” बाबा म्हणाले. “माणसाला पोट आहे तोवर तुला काम आहे.” बाबा पाणीपुरवठा खात्यात होते. रस्त्याखालच्या नळांत कॅमेरा सोडून कुठे गळतंय, कुठे तुंबलंय ते बघण्यात त्यांची चौतीस वर्षं गेली होती. “शेवटी तूही पाइपच तपासणार. बापाचाच धंदा!”

“मग स्वतःचा पाइप दाखवताना एवढे का घाबरता?” आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

“घाबरतंय कोण?”

नऊ वाजता बाबांनी आपली बाटली उघडली, एक घोट घेतला आणि तोंड असं काही वेडंवाकडं केलं, की धाकटीला त्यांची दया आली. “बाप रे! काय कडू आहे गं हे! विष बरं!”

“नाक धरून प्या, बाबा. सगळं संपवायचंय.”

आपली बाटली घेऊन ती खोलीत गेली. मुलाखतीच्या धास्तीने घशाला कोरड पडली होती, त्यामुळे दहा वाजेपर्यंत तिने उजळणी करता करता अख्खी बाटली रिकामी केली. लिंबूपाणी खारट आणि बुळबुळीत लागलं, चार घोटांनंतर नकोसंही झालं. मीठ जास्त पडलं असेल, असं म्हणून तिने विषय सोडून दिला. हे औषध तिने आजवर शेकडो रुग्णांना लिहून दिलं होतं. चाखलं मात्र कधीच नव्हतं.

थोरल्या रुग्णालयाचे प्रमुख टाय लावून ताठ बसले होते. “मोठ्या आतड्याची तपासणी उत्तम होण्यासाठी सर्वांत महत्त्वाचं काय?”

“पूर्वतयारी,” धाकटी म्हणाली, आणि त्याच क्षणी तिच्या पोटात एक लांबलचक गुरगुर झाली. तिने माइककडे पाहिलं. त्याने ती इमानदारीने पोचवली असावी, कारण प्रमुखांनी एक भुवई वर केली. दुसरी गुरगुर पहिलीपेक्षा खालच्या मजल्यावरून आली. खारट, बुळबुळीत, लिंबाचा स्वाद. रोगनिदान व्हायला तिला चार सेकंद लागले. आपल्या हातात किती मिनिटं आहेत, हेही तिला नेमकं माहीत होतं. तेच तर तिचं शिक्षण होतं.

“सर, मला दोन मिनिटं उठावं लागेल.”

“मुलाखत वीस मिनिटांची आहे, डॉक्टर. उठलात की संपली.”

उरलेली नऊ मिनिटं तिने घामाघूम होऊन, मुठी आवळून काढली. पुढच्या पाच वर्षांत या शाखेचं भवितव्य काय, या प्रश्नाला तिने “चांगलं” असं एका शब्दात उत्तर दिलं. दुसरा शब्द काढायची तिची हिंमत नव्हती.

अकरापर्यंत तिच्या चार फेऱ्या झाल्या. पाचवीचा अंदाज घेतच ती दुसऱ्या मुलाखतीला बसली. पडद्यावर जाड चष्म्याच्या एक बाई होत्या.

“मॅडम, आधीच सांगते,” धाकटी म्हणाली. “वडिलांची आज तपासणी आहे आणि त्यांचं औषध चुकून मी प्यायलेय. एक लिटर.”

बाईंनी चष्मा काढला. “किती वाजता?”

“नऊ ते दहा.”

“मग अजून तासभर तरी तुमची सुटका नाही. जा, जा! मी बसलेय.”

धाकटी तीनदा उठली आणि तीनदा परत आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा बाई वही उघडून बसल्या होत्या. “एक सांगा, चव कशी असते हो? सत्तावीस वर्षं लोकांना पाजतेय, पण स्वतः कधी घेतलं नाही.”

“समुद्राच्या पाण्यात लिंबाचा साबण विरघळवल्यासारखी. पहिले चार घोट जातात, मग घसाच नको म्हणतो. एकदम लिटरभर हातात न देता पेल्यापेल्याने द्यायला हवं. आणि घरात एकच संडास असेल, तर तेही आधी विचारायला हवं.”

बाईंनी सगळं लिहून घेतलं. “रुग्णांचं एवढं ऐकून घेणारं माणूस मला हवंय,” त्या म्हणाल्या. “तुम्ही आम्हाला पसंती दिलीत, तर जागा तुमची.”

अडीचला बाबा शर्ट घालून तयार झाले. धाकटी भिंतीला धरून बाहेर आली. “सॉरी, बाबा. माझ्या हातून बाटल्यांची अदलाबदल झाली. तुम्ही लिंबूपाणी प्यालात. आज तपासणी नाही व्हायची.”

“अरेरे!” बाबा म्हणाले. एवढं आनंदी अरेरे त्या घराने कधी ऐकलं नव्हतं. “पण तुम्ही सकाळी काही बोलला नाहीत हो,” आई मध्येच पडली, “एवढं छान लिंबूपाणी घशाखाली गेलं, तरी?”

धाकटी खुर्चीत बसता बसता थांबली. “बाबा, सकाळी तुम्ही म्हणालात, कडू आहे.”

“म्हणजे काय! जहर कडू.”

“लिंबूपाणी कडू नसतं. आणि आता मला पक्कं ठाऊक आहे, ते औषधसुद्धा कडू नसतं.”

बाबा शर्टाचं वरचं बटण चाचपू लागले. आईने ओट्यावरच्या दोन्ही बाटल्या उचलून उजेडात धरल्या. दोन्हींवरच्या चिकटपट्ट्यांचे कोपरे उचकटून पुन्हा दाबलेले होते.

“मला वाटलं,” बाबा हळूच म्हणाले, “तू एखादा घोट घेशील आणि ओतून देशील. अख्खी बाटली कोण पितं गं?”

धाकटीने लॅपटॉप उघडला. तक्त्यात एक रकाना वाढवला, ‘मध्ये उठू देतात का’, आणि त्याला शंभर गुण ठेवले. पाचच्या आत तिने पसंती कळवून टाकली. मग चष्म्याच्या बाईंना फोन लावला.

“मॅडम, तुमच्याकडे माझा पहिला रुग्ण घेऊन येऊ का? पुढच्या सोमवारी?”

“आणा की. औषध कोण पाजणार?”

“मीच,” धाकटी बाबांकडे बघत म्हणाली. “समोर बसून. पेल्यापेल्याने.”