गिरकीपुरता दातांचा डॉक्टर

लिफ्ट इन्स्पेक्टरांची सगळी नोकरी वर आणि खाली यात गेलेली. गोल फिरायचा प्रसंग त्यांच्यावर कधी आला नव्हता. तो बायकोने आणला. लग्नाच्या पंचविसाव्या वर्षी तिने जोडीनृत्याच्या वर्गात दोघांची नावं घातली, आणि दुसऱ्याच गिरकीला इन्स्पेक्टर भेलकांडत पाण्याच्या पिंपावर आदळले.

वर्गात दर गाण्याला जोडीदार बदलत. दातांच्या डॉक्टरांच्या वाट्याला आली की बायको भिंगरीसारखी फिरे, वर हसेही. डॉक्टरांचा हात किती हलका आहे, हे ती घरी भाजी चिरतानाही सांगे. दाढ काढायला गेलेल्यांना विचार, एवढंच इन्स्पेक्टर म्हणाले.

वार्षिक कार्यक्रमात बायकोबरोबर कोण नाचणार, हे शिकवणाऱ्या बाई गिरकी बघून ठरवणार होत्या. "नजर एका जागी ठेवा," त्यांनी इन्स्पेक्टरांना समजावलं. "अंग फिरू दे. मान शेवटी झटकन आणायची आणि पुन्हा तिथेच बघायचं. चक्कर येत नाही."

जागा शोधावी लागली नाही. इन्स्पेक्टर महिनाभर जिथे बघत होते तिथेच बघत राहिले: डॉक्टरांच्या तोंडाकडे. अंग कुठेही जावो, नजर डॉक्टरांवर. चौथ्या बिनचूक गिरकीला बाईंनी यादीत त्यांचं नाव लिहिलं.

पुढच्या वर्गाला डॉक्टर आलेच नाहीत. इन्स्पेक्टर खुशीत फिरायला लागले आणि थेट पिंपावर गेले. मग खिडकीकडे बघून झालं, घड्याळाकडे बघून झालं. पिंप काही चुकेना. बाईंनी खोडरबर बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर दवाखान्यातल्या खुर्चीत होते.

"वर्ग का सोडलात, डॉक्टर?"

"खरं सांगू? तिथे एक गृहस्थ माझ्याकडे सारखे टक लावून बघतात. अंगावर काटा येतो हो." डॉक्टरांनी दिवा जवळ ओढला आणि चेहरा नीट पाहिला. "तुम्हीच ते."

"मीच. पण तुम्ही या. माझ्या संसाराचा प्रश्न आहे."

एक किडलेली दाढ काढून झाल्यावर डॉक्टर कबूल झाले. त्यांचा हात खरंच हलका होता, आणि हेच इन्स्पेक्टरांना जास्त दुखलं.

कार्यक्रमाला डॉक्टर पहिल्या रांगेत मधोमध बसले. इन्स्पेक्टरांनी बायकोबरोबर बारा गिरक्या घेतल्या, एकही चुकली नाही. टाळ्या थांबेनात. घरी जाताना बायको मात्र दोन पावलं पुढेच चालत होती.

"काय झालं?"

"काही नाही." कोपऱ्यावर ती थांबली. "पंचवीस वर्षांत पहिल्यांदा नाचलात माझ्याबरोबर. माझ्याकडे एकदा तरी बघितलंत? कोण बसली होती पहिल्या रांगेत?"

इन्स्पेक्टरांनी दाढेच्या रिकाम्या जागेवरून हळूच जीभ फिरवली.