रिळाचे पैसे फिटले का?

दाजी तांडेल कुठलीही नवी वस्तू आधी चाटून बघायचे. बॅटरी असो, कुलूप असो, छत्रीची मूठ असो. जिभेचं टोक लावायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे, "पैशे फिटूचे नाय." सासऱ्यांनी लग्नात दिलेलं माझं घड्याळ त्यांनी असंच चाटलं आणि आत पितळ असल्याचं सांगितलं. त्यानंतर सासऱ्यांचं नि माझं कधी नीट जमलं नाही.

मी मूळचा वेंगुर्ल्याचा. मालवणात एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो आणि दाजींच्या शेजारी भाड्यानं राहत होतो. त्यांचा होडीवरचा जन्म सरला होता. आता ते खडपावर, किनाऱ्याच्या त्या काळ्या कातळावर बसून हातगरीनं मासे धरत. नुसती दोरी, शिसं आणि गरी, म्हणजे गळ. दोरी डोक्याभोवती गरगर फिरवून सोडायची आणि बोटावर घेऊन बसायचं. "मासो बोटाक सांगता," असं ते म्हणत. वस्तू टिकणार की नाही हे खारा वारा ठरवतो आणि खाऱ्या वाऱ्याचे मुखत्यार आपण, अशी त्यांची पक्की समजूत. गावालाही ती सोयीचीच होती. दाजी नको म्हणाले की बायकोच्या तगाद्यातून नवरा सुटायचा.

अशात गावातला इस्माईल रजेवर आला. परदेशी बोटीवर खलाशी होता. येताना एक रीळ घेऊन आला. मुठीएवढं, चकचकीत. आडव्या नळीवर तंगूस, म्हणजे नायलॉनची बारीक दोरी, गुंडाळलेली. काठीला बांधायचं, बटण दाबून फेकायचं, दांडा फिरवून ओढून घ्यायचं. माझा जीव त्यावर जडला. हातगरीनं माझी बोटं कापून निघायची आणि मासा सांगायचा तो फक्त दाजींनाच. किंमत ऐकून मात्र मी माझीच नाडी बघितली. इस्माईल म्हणाला, ठेवून बघ, बोटीवर परत जाईन त्याच्या आधी काय ते सांग. म्हणजे दाजींना विचार, एवढाच त्याचा अर्थ.

दाजींनी रीळ चाटलं. बराच वेळ चाटलं. कानाला लावून दांडा फिरवला. मग ते समुद्राकडे तोंड करून माडाला टांगून ठेवलं. मी रोज दवाखान्यात जाताना वर बघायचो. शेवटी न राहवून म्हटलं, दाजी, गंजलेलं तर नाही. त्यावर म्हणतात, "गंजूक नाय ह्यां खरां. पण म्हातारो मरूक नाय म्हणजे शाणो झालो काय?"

मग पाण्यावरची परीक्षा. बांबूच्या काठीला रीळ बांधून आम्ही खडपावर गेलो. दाजींनी जन्माच्या सवयीनं काठी डोक्याभोवती फिरवली आणि सोडली. शिसं पाण्यात पडून थांबलं, पण नळी आपली फिरतच राहिली, आणि डोळ्यांदेखत तंगुसाचा हा एवढा गुंता झाला. मी खिशातली कात्री काढली. दाजींनी माझा हात धरला. दोरी कापायची नाही, हा त्यांच्याकडचा नेम. आणि दुसरा त्याहून जुना, "गुंतो एकट्यान सोडवचो नाय." एकानं फास धरायचा, दुसऱ्यानं टोक ओवून काढायचं. घरात फास धरायची ती त्यांची बायको, सगुणा. ती गेल्यापासून दाजींनी जाळं हातात घेतलं नव्हतं.

तर आता फास मी धरू लागलो. दाजी टोक काढता काढता सगुणाबद्दल बोलायचे. ती बाजारात मासे विकायला बसली की गिऱ्हाईक कसं घाबरायचं, आणि घरी आल्यावर दाजी कसे घाबरायचे. काळोख पडायच्या आत गुंता सुटायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघावं तर नवा गुंता तयार. रोज तेच. निकालाचं विचारलं की म्हणायचे, पारख पुरी झाली नाही. इस्माईलची रजा संपत आली आणि माझं डोकं फिरायला लागलं. म्हातारा आता कामातून गेला, असंही मनात येऊन गेलं.

इस्माईल दुसऱ्या दिवशी निघणार होता. सकाळी डॉक्टरांनी मला एका आजाऱ्याकडे औषध देऊन पाठवलं. किनाऱ्यानं जाताना लांबून दाजी दिसले. त्यांनी काठी नुसती मागे नेऊन पुढे केली. शिसं सरळ गेलं. नळीवर त्यांचा अंगठा अलगद टेकलेला. शिसं पाण्यात पडताच अंगठा दाबला गेला. गुंता नाही, काही नाही. थोड्या वेळानं अंगठा हलला आणि दाजींनी चांगली तांबोशी बाहेर काढली. मासा अंगठ्यालाही सांगत होता. मी हाक मारणार, एवढ्यात ते खाली बसले. हातानं तंगूस सैल केलं आणि वळसे घालून, फास पाडून, लांब धरून नीट न्याहाळत, एक झकास गुंता तयार केला. संध्याकाळसाठी.

मी हाक मारली नाही. मी वाट बदलली आणि दुपारी इस्माईलला पैसे देऊन मोकळा झालो.

संध्याकाळी गेलो तर दाजी गुंता मांडीवर घेऊन पायरीवर बसलेले. म्हणाले, "कंपाउंडरानु, आज मोठो गुंतो झालो." मी फास धरला आणि सांगितलं की रीळ मी विकत घेतलं.

दाजींचा हात थांबला. निकालाआधीच घेतलं, याचा राग येईल असं वाटलं होतं. पण ते हळूच म्हणाले, "मगे आता तुम्ही एकटे गरवूक जातलास."

मला एकट्याला फेकता कुठे येतं, असं काहीतरी चेष्टेनं म्हणणार होतो. ते सोडून दिलं. मग म्हटलं, "दाजी, गुंतो होवंदे नायतर न होवंदे. मी सांजचो येतलंय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग मान खाली घालून गुंत्यातला एक फास शोधला, आणि ओढला. जो सोडवायला आम्हाला काळोख झाला असता तो अख्खा गुंता सरसरत सुटून त्यांच्या पायांवर पडला.

मी हसलो. दाजी हसले नाहीत. त्यांनी रीळ उचललं, जिभेचं टोक लावलं, डोळे मिटले आणि बराच वेळ मिटलेलेच ठेवले.

"पैशे फिटले," ते म्हणाले.