सीलबंद पाहुणचार

स्वयंपाकाच्या क्लासच्या दारातच मैत्रिणींनी तिच्या खांद्यावरून सोनेरी अक्षरांत 'नवरी' असं लिहिलेली तिरकी पट्टी चढवली आणि दार उघडण्याआधी तिच्याकडून पुन्हा एकदा वचन घेतलं.

"वाकून काही बघायचं नाही," दातांची डॉक्टर असलेली मैत्रीण म्हणाली.

"नाही बघणार."

"वास घ्यायचा नाही."

"वास आपोआप येतो गं. मी घेत नाही."

"आला तरी चेहरा करायचा नाही," दुसरी म्हणाली. ही सहली काढणाऱ्या कंपनीत होती आणि घरच्या वाढदिवसाचंसुद्धा वेळापत्रक छापून वाटायची. या दोघींना आपण दातवाली आणि सहलवाली म्हणू. त्या एकमेकींना तसंच म्हणायच्या.

एवढी वचनं घ्यायचं कारण असं, की नवरी अन्न खात्यात निरीक्षक होती. तिने बंद केलेल्या बेकऱ्या आणि खानावळी शहरभर पसरलेल्या होत्या. ती कधी सरकारी गाडीतून जायची नाही. साध्या कपड्यांत, पिशवी घेऊन, गिऱ्हाइकासारखी जायची, आणि जेवण झालं की बिलाच्या जागी ओळखपत्र ठेवायची. कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण त्या कामाने तिचं एक नुकसान केलं होतं, ते असं, की नोकरी लागल्यापासून तिला कुणी जेवायला बोलावलं नव्हतं.

ऑफिसातली माणसं ती जवळ आली की डब्याची झाकणं लावायची. सख्खी मावशी तिच्यासाठी हॉटेलातून मागवायची आणि हॉटेलाचं नाव सांगायची नाही. कहर केला होता होणाऱ्या सासूबाईंनी. नवरी रविवारी त्यांच्याकडे गेली, की त्या ताटलीत बिस्किटांचा न फोडलेला पुडा ठेवायच्या. तारखेची बाजू वर, आणि शेजारी कात्री. पाण्याची बाटलीही सीलबंद. "घ्या ना तुम्ही," त्या अदबीने म्हणायच्या आणि मुलाच्या वयाच्या त्या मुलीसमोर हात बांधून बसायच्या.

नवरीने याबद्दल कधी तक्रार केली नव्हती. फक्त एकदा दातवालीच्या दवाखान्यात, दाढ भरून झाल्यावर, तोंड अर्धं बधिर असताना ती म्हणाली होती, "लग्नानंतरपण मला पुडाच मिळणार का गं?"

दातवालीने ते मनाला लावून घेतलं. लग्नाआधी मैत्रिणी करतात तो ब्रायडल शॉवर त्यांनी म्हणूनच स्वयंपाकाच्या क्लासमध्ये ठेवला. सगळ्यांनी मिळून हात पिठात घालायचे, एका टेबलावर बसून खायचं, आणि खायच्या वेळेला सासूबाईंना बोलवायचं. सुनेच्या नाकाला पीठ लागलेलं एकदा दिसलं, की त्यांची भीड चेपेल, असा सरळ हिशेब होता. सहलवालीच्या वेळापत्रकात मश्रूमचं सूप, ताजा पाव आणि सफरचंदाचा केक होता.

क्लासच्या बाई गोलमटोल आणि बोलक्या होत्या. "या, या. नवरी कोण?" असं म्हणत त्या पुढे आल्या, नवरीचा चेहरा त्यांनी पाहिला आणि त्या दोन पावलं मागे सरकल्या.

गेल्या वर्षी बाईंच्या भावाची बेकरी याच चेहऱ्याने बंद केली होती. भाऊ अजून झोपेतून दचकून उठायचा. "ताई, ती कशी येईल सांगता येत नाही," तो सांगायचा. "पहिल्यांदा पत्ता विचारत आली. दुसऱ्यांदा लेकराला खाऊ घ्यायला आल्यासारखी आली. आणि ती मुद्दाम एखादी चूक करते. मग आपण काय करतो ते बघत बसते."

बाईंनी पट्टीकडे पाहिलं. खऱ्या नवरीला मी नवरी आहे असं अंगावर लिहून घ्यायची काय गरज, हा विचार त्यांच्या डोक्यात आला आणि तिथेच बसला.

"हात धुऊन घ्या," त्या म्हणाल्या. सगळ्यांनी धुतले. "पुन्हा धुवा," त्या म्हणाल्या.

मग टोप्या आल्या. मग मास्क, मग हातमोजे. नवरीची पट्टी एप्रनखाली गेली. टेबलावर बाईंनी स्वतः केलेल्या जॅमची बरणी होती. तो जॅम म्हणजे त्यांचा जीव की प्राण. पण बरणीवर ना तारीख होती ना चिठ्ठी, तेव्हा त्यांनी ती पदराआड घेतली आणि खिडकीच्या पडद्यामागे ठेवली. नवरीने ते पाहिलं. तिने लगेच मान दुसरीकडे वळवली, तर समोर फ्रिज होता आणि त्याचं दार नीट लागत नव्हतं. मग ती छताकडे बघत उभी राहिली. वचन म्हणजे वचन.

छताकडे बघणारी निरीक्षक बाईंना जास्तच भयंकर वाटली. त्यांनी पिठाचा डबा उचलला. "हे पीठ उघडं होतं. नको." लोणी गेलं. अंडी गेली. "यांच्यावर तारीख नाही."

"अंड्यावर कुठे तारीख असते?" सहलवालीने विचारलं.

"नसते ना. म्हणूनच नको."

"मग पाव कसा करायचा?"

"पाव आज नाही. पाव तसाही जड पडतो."

सहलवालीने खिशातून वेळापत्रक काढलं आणि पावावर काट मारली. आपल्या आयुष्यात कुठल्याही सहलीतलं एकही ठिकाण गळलं नव्हतं, हे तिने दातवालीला हळू आवाजात दोनदा सांगितलं.

नवरीला आता कळून चुकलं होतं, की बाईंनी आपल्याला ओळखलंय. हे तिच्या ओळखीचंच होतं. जिथे जावं तिथे माणसं अशी ताठ व्हायची. तिने मनाशी ठरवलं, की आपण साधी बाई आहोत, चारचौघींसारख्या अजागळ आहोत, हे हिला दाखवून द्यायचं. मश्रूम तेवढे बाईंच्या तावडीतून सुटून शिजत पडले होते. त्यांचं सूप उकळू लागलं तेव्हा तिने मास्क खाली केला, भांड्यातला डाव उचलला, तोंडाला लावला आणि उष्टा डाव तसाच परत सुपात सोडला. आयुष्यात तिने असं कधी केलं नव्हतं.

"छान झालंय," ती म्हणाली.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मुद्दाम चूक करते आणि बघत बसते. भाऊ बरोबर सांगत होता. त्या पुढे झाल्या, भांडं दोन्ही हातांनी उचललं आणि सगळं सूप बेसिनमध्ये ओतून दिलं. मग बेसिन घासलं. मग घासणी टाकून दिली.

"अहो, भूक लागलीय आम्हाला," दातवाली म्हणाली.

"भुकेपेक्षा आरोग्य मोठं," बाई भिंतीकडे बघत म्हणाल्या. त्यांचा आवाज रडवेला झाला होता.

केकचं तर लोणी-अंडी गेली तेव्हाच संपलं होतं. उरली होती नुसती सफरचंदं. नवरीने एक शेवटचा प्रयत्न म्हणून त्यातलं एक न धुता कडकडून खाल्लं, तर बाईंनी टोपलीच उचलून मागच्या दाराबाहेर ठेवली. शेवटी बाईंनी कोपऱ्यातून बटाटे काढले, ते ब्रशने घासले आणि उकडत टाकले. बटाट्याला साल असते, म्हणजे तो निसर्गानेच सीलबंद केलेला असतो, असा त्यांचा विचार असावा.

नेमक्या त्याच वेळी सासूबाई आल्या.

त्यांना काय दिसलं ते बघा. खोलीभर जंतुनाशकाचा वास, आणि टेबलाभोवती टोप्या, मास्क आणि हातमोजे घातलेल्या चार बाया गप्प उभ्या. त्यातल्या एकीने मास्क काढला, तर ती आपली होणारी सून. म्हणजे ही मुलगी मौजमजेलासुद्धा अशीच जेवते, हे सासूबाईंनी पाहिलं आणि त्यांचा उरलासुरला धीर सुटला. हातातली मोठी पिशवी त्यांनी पायाने खुर्चीखाली सरकवली. मग पर्स उघडून बिस्किटांचा पुडा काढला, तारखेची बाजू वर करून टेबलावर ठेवला आणि पर्सच्या दुसऱ्या कप्प्यातून कात्री काढली.

"घ्या ना तुम्ही," त्या म्हणाल्या.

दातवालीने डोळे मिटून घेतले. इतका खटाटोप करून गाडी होती तिथेच आली होती, किंबहुना एक घर मागेच गेली होती.

प्रत्येकीच्या ताटलीत एकेक उकडलेला बटाटा आला. मीठही नव्हतं, कारण मिठाचा डबा उघडा होता. नवरी त्या बटाट्याकडे आणि शेजारच्या कात्रीकडे बघत राहिली, आणि बघता बघता तिचे डोळे भरून आले. ते पाहून बाईंचा बांध फुटला.

"मॅडम, एकदाचं काय ते लिहा," त्या म्हणाल्या. "हा छळ नको. शटर मीच ओढते."

"मी आज रजेवर आहे," नवरी म्हणाली.

"माझ्या भावाला तुम्ही गिऱ्हाईक आहे म्हणाला होतात."

"तेव्हा मी कामावर होते. आज खरंच रजेवर आहे. खरंच लग्न आहे माझं." तिने एप्रन वर करून पट्टी दाखवली. ती आता चुरगळली होती आणि घामाने ओली झाली होती. "मी तपासायला नाही आले हो. मी जेवायला आले होते. मला कुणी जेवायला घालत नाही. सगळ्यांना वाटतं मी चुका काढीन. मी काय घरातपण चुका काढत बसणार आहे का? मला भूक लागते. मला कुणीतरी आग्रह करावासा वाटतो. या काकूंच्या घरी जायला लागल्यापासून मी नुसती बिस्किटं खातेय, आणि मला बिस्किटं आवडत नाहीत."

इतकं सलग ती कामाच्या अहवालाखेरीज कधी बोलली नव्हती. बटाटे गार होत राहिले.

सासूबाई खाली वाकल्या. त्यांनी पिशवी वर घेतली आणि तिच्यातून एक डबा काढला. आईस्क्रीमचा जुना प्लास्टिकचा डबा होता तो, आणि आत वर्तमानपत्रात गुंडाळलेला केक होता.

"मी दर वेळी करते," त्या म्हणाल्या. "तुम्ही यायच्या आधी करून ठेवते. मग तुम्ही येता, आणि मला धीरच होत नाही. मग कपाटात लपवते आणि दुसऱ्या दिवशी माझा मुलगा ऑफिसला घेऊन जातो."

"तरीच तो सोमवारी एवढा खूश असतो," नवरी म्हणाली.

तिने डब्याकडे पाहिलं. वापरलेला डबा पुन्हा वापरणे. छापील कागदाचा अन्नाशी संपर्क. दोन्ही कलमं तिला झोपेतसुद्धा पाठ होती. मैत्रिणी तिच्या चेहऱ्याकडे बघत होत्या आणि बाईंनी खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. सुरी बाईंनी निर्जंतुक करायला उकळत्या पाण्यात टाकलेली, त्यामुळे सासूबाईंनी हातानेच तुकडा मोडला आणि पुढे केला. नवरीने हातमोजे काढले आणि तो घेतला.

एका बाजूने केक जरा करपला होता आणि साखर सढळ हाताने पडली होती. दुसऱ्या घासाला तिच्या दातात काहीतरी अडकलं. तिने हळूच ओढून काढलं. केस होता तो. लांब आणि पांढरा. त्या खोलीत पांढरे केस एकाच डोक्यावर होते.

अशा एका केसावरून तिने एकदा अख्खी खानावळ बंद केली होती, आणि तो केस यापेक्षा आखूड होता. पण आता तिने तो टेबलाखाली बोटाला गुंडाळला, अंगठीवर अंगठी घालावी तसा, आणि ताटली पुढे केली.

"काकू, अजून एक द्या ना. कडेचा."

"कडेचा करपलाय गं," सासूबाई म्हणाल्या. "थांब, मधला देते तुला." आणि तुकडा देता देता त्यांच्या लक्षातही आलं नाही, की आपण हिला पहिल्यांदाच अगं-तुगं केलं.

केस फक्त आणखी एका माणसाने पाहिला होता. समोर बसलेल्या क्लासच्या बाईंनी. तो दातातून निघालेला पाहिला आणि टेबलाखाली गेलेलाही पाहिला. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, हातमोजे काढले, उठून खिडकीपाशी गेल्या आणि पडद्यामागून जॅमची बरणी आणून नवरीसमोर ठेवली.

"यावर तारीख नाही," त्या म्हणाल्या.

"चमचा आहे का?" नवरीने विचारलं.