जवाब ऐकून जा

आमच्या गाडीत रील बघायचं असेल तर आधी गेनूतात्या कुठं बसलेत ते बघून घ्यावं. जवळपास असतील तर मोबाईल सरळ पिशवीत टाकावा. कारण ते एक गाणं वाजलं आणि तुम्ही ते अर्ध्यातच बोटानं वर ढकललं, की मागून डरकाळी आलीच म्हणून समजा.

"बोट काढ! सवाल ऐकलास ना फुकटात? आता जवाब ऐकून जा!"

मग म्हातारा उभा राहतो. एक हात वरच्या दांडीला, दुसरा कानावर. गाणं मोबाईलमध्ये जिथं तुटलं, बरोबर तिथून पुढचं कडवं चालत्या एसटीत सुरू. तुम्ही फोनवर बोलताय, तुमचं पोर रडतंय, मी तिकिटं फाडतोय, त्याचं तात्यांना काही देणंघेणं नाही. एकदा तर एक साहेब फोनवर कुणाच्या तरी मयताची वेळ विचारत होते, तेवढ्यात शेजारच्यानं हे गाणं लावलं. तात्यांनी त्या दोघांनाही पूर्ण गाणं ऐकवलं.

मी जामखेड-खर्डा गाडीचा कंडक्टर. तात्या सकाळच्या गाडीनं जामखेडला येतात, स्टँडसमोर पत्र्याच्या टपरीत बसून दफ्तरं शिवतात, बॅगांना चेनी बसवतात आणि साडेचारच्या गाडीनं परत जातात. ही साडेचारची गाडी त्यांनी कधी चुकवली नाही. गाडी दहा मिनिटं उशिरा लागली तर सगळ्या स्टँडवर माझा उद्धार. "दिस बुडाला तर घरी तू जवाब देनार का रं?" मला वाटायचं, म्हाताऱ्याला अंधारात दिसत नसेल. एकदा गावानं त्यांचा सत्कार ठेवला होता. पुढारी आलेच नाहीत, सहा वाजत आले, तर तात्या हार न घालताच स्टेजवरून उतरून चालू पडले. नारळ तेवढा घेतला.

सत्कार कशाचा, तर त्याच गाण्याचा. कारण ते गाणं तात्यांचंच आहे. एके काळी त्यांची गायन पार्टी होती. पेटी, ढोलकी, चार जणांचा कोरस. लग्न असो, जत्रा असो, रात्र रात्र गायचे. तेव्हा शहरातल्या एका कॅसेट कंपनीनं त्यांना बोलावून एक कॅसेट काढली. त्यातलं हे गाणं. नवरा बाजाराला निघालाय आणि बायकोला विचारतोय,

"काय आणू गं बाजारातून, बोल की माझ्या राणी,
हिरवा चुडा, जरीची चोळी, का सोन्याची फणी?"

पुढं तीन कडवी तो विचारतच राहतो. कॅसेटी गेल्या, टेपरेकॉर्डर भंगारात गेले, पार्टीतली माणसं एकेक करून गेली. आणि गेल्या दोन वर्षांत कुणा दिवट्यानं ह्या दोन ओळी उचलल्या, खाली धडाम धडाम लावलं आणि मोबाईलवर सोडून दिल्या. झालं! नवरी चुडा दाखवतेय, लागलं गाणं. साडीच्या दुकानाची जाहिरात, लागलं गाणं. एकानं तर म्हैस विकायला काढली, तिच्या शिंगांवर लावलं गाणं. गायकाचं नाव विचाराल तर कुठं म्हणजे कुठं नाही. नाव त्या धडामवाल्याचं.

माझं डोकं फिरतं ते इथं. अरे, म्हशीच्या व्हिडिओखालीसुद्धा मालकाचं नाव असतं! ज्यानं घसा फोडून गायलं त्याचं नाव लिहायला तुमची बोटं झडतात काय? पण मी एवढा चिडायचो तेव्हा तात्या माझ्यावरच चिडायचे.

"नावाला काय चाटायचंय? गानं तोडलं त्याचं बोल. मान्साला इचारायचं, 'कसा हाईस?' आन् त्यो त्वांड उघडायच्या आत निघून जायाचं, ही कुठली रीत? जवाब हाय त्या गान्यात. जवाब कुनाला नगोच हाय!"

एक रीलवाला कॅमेरा घेऊन टपरीवर आला होता. डोळ्याला काळा चष्मा, वागणं एकदम गोड. म्हणाला, "तात्या, पूर्ण नको, हुक तेवढा म्हणा, त्या पहिल्या दोन ओळी. लोक थांबत नाहीत हो."

"हुक बॅगेला असतो," तात्या म्हणाले. "बॅग आन, बसवून देतो."

तो हसला आणि त्यानं पुन्हा विचारलं. तात्यांनी हातातली कात्री खाली ठेवली. पुढचं मी सांगत नाही, पण तो चष्मा टपरीत बरेच दिवस पडून होता.

आता गंमत ऐका. एवढा 'जवाब जवाब' करणारा हा माणूस तिसऱ्या कडव्याच्या शेवटाला आला की गप्प व्हायचा.

"गाडी भरून आणतो राणी, नाव तेवढं घे..."

एवढं म्हणून डोळे मिटायचे. कानावरचा हात तसाच. चार-पाच सेकंद काही नाही. मग खाली बसायचे, जसं काही गाणं पूर्ण झालं. सगळी गाडी हसायची. "तात्या, जवाब इसरला व्हय?" तात्या खवळून म्हणायचे, "कानात मेन घातलंय तुमी! ऐकू आला न्हाई?" मी तर नेमका त्याच वेळी डबल बेल मारायचो. म्हटलं, म्हाताऱ्याची गाडी अडली, आपली तरी हलवू. आता आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

मागच्या हिवाळ्यात तात्यांनी मोबाईल घेतला. जामखेडच्या एका मोबाईलवाल्याकडून ती जुनी कॅसेट त्यात उतरवून घेतली आणि पूर्ण गाणं, तिन्ही कडव्यांसकट, त्याच रीलच्या अ‍ॅपवर चढवलं. दुसऱ्या दिवशी गाडीत चढले ते नवरदेवासारखे. ज्याला त्याला सांगत होते, "आता बघा. आता जवाब समद्या मुलखाला ऐकू जातो."

तिसऱ्या दिवशी टपरी बंद करून स्टँडवर माझ्या पुढ्यात उभे. मोबाईल माझ्या नाकाला लावला.

"हे मुकं कामून झालं बघ."

कॅसेटच्या कव्हरचा फोटो दिसत होता, आवाज नव्हता. खाली इंग्रजीत काहीतरी होतं. मी वाचलं आणि त्यांना सांगितलं. लिहिलं होतं की हा आवाज दुसऱ्याच्या मालकीचा आहे, म्हणून काढून टाकलाय. ती जुनी कंपनी कुणी तरी विकत घेतलेली. गाण्यासकट.

"म्हंजी? माझ्या गळ्याचा सातबारा दुसऱ्याच्या नावावर?"

"तसंच झालंय, तात्या."

"आन् त्यो धडामवाला? त्याचा वाजतो की!"

वाजत होता. पलीकडच्या बाकावर तेव्हासुद्धा वाजत होता! त्यानं म्हणे कंपनीशी रीतसर करार करून घेतलाय. मी तिथंच बसून मोबाईलवरच तक्रारीचा अर्ज भरला. आपण कोण, असं विचारलं होतं. मी लिहिलं, 'गाणारा मीच.' पाठवलं. मी मशीन काढून पहिलं तिकीट फाडेपर्यंत उत्तर हजर, अर्ज नामंजूर. अरे, वाचायला तरी एक माणूस बसवला होतात का? इथं तालुक्याला साधा दाखला नाकारायचा तरी क्लार्क चहा पिऊन येतो, तोंडाकडं बघतो, मग नाही म्हणतो. मी त्या मोबाईलला ज्या शिव्या घातल्या त्या खात्याच्या वर्दीत घालायच्या नव्हत्या.

मला वाटलं तात्या आता स्टँड डोक्यावर घेणार. पण ते बाकावर बसले. हळूच म्हणाले, "माझा आवाज काढला त्याचं काय न्हाई. तिचा कशाला काढला?"

"कुणाचा?"

त्यांनी मोबाईलमध्ये उतरवलेलं गाणं लावलं आणि माझ्या कानाला धरलं. तिसरं कडवं आलं. 'नाव तेवढं घे...' तात्यांचा तरणा आवाज थांबला आणि त्या थांबलेल्या जागेत एक बाई गायली. एकच ओळ. आवाज शिकलेला नव्हता, थोडा घाबरलेला होता.

"काय बी नगं मला, धनी, दिस हाय तवर ये."

"सुभद्रा," तात्या म्हणाले. "आमची मालकीन. कोरसमधी बसायची. त्या दिशी शेहरातली गानारी बाई आलीच न्हाई, तवा हिला उभं केलं. कव्हरवर नाव बी न्हाई टाकलं."

मी कव्हरचा फोटो मोठा करून बघितला, खरंच नव्हतं.

"तिनं गायलं खरं, पर मी कधी दिस असताना घरी गेलोच न्हाई. पारटीचं समदं काम रातीचं. ती गेली त्या साली पारटी मोडली. तवापसून जातो येळेवर."

साडेचारची गाडी लागली. तात्या चढले आणि खिडकीला बसले. गाडी सुटली. मला वाटलं आज काही गात नाहीत. पण दोन फाटे गेले आणि पुढच्या बाकावरच्या अंगणवाडीच्या बाईंनी नेमकं तेच रील लावलं आणि वर ढकललं. क्षणभर काहीच झालं नाही. बाईंनीच दचकून मागं बघितलं.

मग तात्या उठले. डरकाळी नाही, काही नाही. नुसतं गायला लागले. तिसऱ्या कडव्याला गाडी फाट्यावर थांबली. दोन बायका उतरल्या. 'नाव तेवढं घे...' आणि तात्या थांबले.

मी बेलची दोरी सोडून दिली आणि पुढं ओरडलो, "उत्तमराव, इंजिन बंद करा!"

उत्तमराव आमचे ड्रायव्हर. त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. "डोकं फिरलं का? बंद केलं तर चालू व्हायचं न्हाई. ढकलाया येनार का तुझा साहेब?"

"मी ढकलतो. बंद करा म्हणतोय ना!"

करवादतच बंद केलं त्यांनी. ह्या गाडीत एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मी म्हणालो, "तात्या, लावा."

त्यांचं बोट दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा लागलं. मोबाईल त्यांनी वर धरला आणि ती ओळ मागच्या बाकापर्यंत ऐकू गेली. कुणी हसलं नाही.

अंगणवाडीच्या बाईंनी विचारलं, "तात्या, कोण हो ह्या?"

"सुभद्रा," तात्यांनी सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं सांगितलं. मग बाहेर बघितलं. ऊन उसावरनं उतरायला लागलं होतं. मोबाईल खिशात घालत माझ्यावर खेकसले, "बघतोस काय? बेल मार. घरी जायाचंय मला, दिस हाय तवर."