दादाच्या गाडीतली कुडुक

"दादा, हा आवाज कसला रे?"

प्रीतमने हे विचारलं तेव्हा दोघे भाऊ मुलुंडहून घाटकोपरला येत होते. सुयोगदादा स्टिअरिंगवर बोटं वाजवत नुसता हसला. "घरी गेल्यावर सांगतो," म्हणाला. घरी गेल्यावर वहिनीने गरम भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी वाढली, आणि प्रीतमसमोर जवळा आला की त्याला बाकीचं जग दिसत नाही. प्रश्न राहून गेला. पुढच्या महिन्यात दादाच राहिला नाही. छातीत कळ आली म्हणून रिक्षात बसला आणि रिक्षातून स्वतःच्या पायांनी उतरला नाही.

मागे उरली ती गाडी आणि गाडीतला तो आवाज.

गाडी म्हणजे एका शाळेची भंगारात निघालेली मिनीबस. दादा लोकांच्या घरी किचन ट्रॉल्या बसवायचा. त्याने या बसमध्ये अख्खं घर बसवलं होतं. घडीच्या खाटा, शेगडीचा ओटा, देव्हारा आणि आईच्या हट्टापायी एक छोटी मोरीसुद्धा. ("मोरी नाही ते घर कसलं?" आईचं म्हणणं.) ओट्याचा ड्रॉवर जोरात ओढला तर तो थेट ड्रायव्हरच्या पाठीत बसायचा. बाहेरून पांढरा रंग मारला होता, पण खालचा पिवळा मधूनमधून डोकं वर काढायचाच. रस्त्यातली शाळेची पोरं हात करायची. दादा थांबायचाही.

या घरातून आई-बाबांना कुडाळच्या पुढे आपल्या गावाला न्यायचं, वाटेत हवं तिथे थांबायचं, चहा करायचा, असा त्याचा बेत. बेत करण्यातच दोन वर्षं गेली.

दहाव्याला पिंड ठेवला, तर कावळा यायला तयार नाही. समोरच्या भिंतीवर बसून मान तिरकी करून बघतोय, पण उतरत नाही. भटजी म्हणाले, "कोणाला काही शब्द द्यायचा असेल तर द्या." बाबांनी तंबाखू सोडण्याचा शब्द दिला. कावळ्याचा बहुधा विश्वास बसला नाही. श्रुतिकावहिनी म्हणाली, "आई-बाबांना मी कुठे सोडून जाणार नाही." कावळा जरा सरकला. आई नुसती कावळ्याकडे बघत राहिली. आणि मग प्रीतम, ज्याचं तोंड नेहमी डोक्याच्या आधी पळतं, ओरडला, "दादा, गाडी विकणार नाही! वर्षाच्या आत आई, बाबा, वहिनीला त्याच गाडीतून गावाला नेतो! मी चालवतो!"

कावळा धाडकन उतरला.

"झिला," बाबा डोळे पुसत हळूच म्हणाले, "तुका गाडी चालवूक येता?"

येत नव्हती. प्रीतमने नववीत शाळेला रामराम ठोकला होता आणि तो मोटरसायकलवरून लोकांची जेवणं पोचवायचा. चार चाकांशी संबंध एवढाच की ती त्याला कट मारून जायची. पण कावळ्याने ऐकलं होतं. आता माघार नव्हती. तो क्लासला गेला, लायसन्स काढलं, आणि ज्या दिवशी पहिल्यांदा दादाच्या सीटवर बसून गाडी काढली त्याच दिवशी गतिरोधकावर ती म्हणाली, "कुडुक."

मग वळणावर, "कुडुक-कुडुक."

या गाडीचं इंजिन ड्रायव्हरच्या बाजूलाच, पत्र्याच्या झाकणाखाली. आवाज तिथूनच येत होता, यात शंका नव्हती. शंका फक्त कसला, याची होती आणि ती दूर करायला अख्खी बिल्डिंग पुढे आली. बाबा गिरणीत माग चालवायचे. त्यांनी झाकणाला कान लावून निकाल दिला, "धोटो सैल झालो आसा."

"बाबा, धोटा मागात असतो, इंजिनात नसतो."

"मगे आवाज कसो इलो?"

सोसायटीचे सेक्रेटरी भाऊराव म्हणाले, "हे मशीनचं काम नाही, प्रीतम. जाणाऱ्याचं काहीतरी राहिलंय. माझ्या साडूच्या फ्रीजचं असंच झालं होतं." आणि जाताना आठवण करून गेले, की काही का राहिलेलं असेना, त्याने दोन पार्किंगची जागा अडवलीय.

एकटी आई म्हणायची, "वाजतंय तर वाजू दे. कोणाचं काय खातंय?"

पण प्रीतमला ते वाजणं सोसवेना. रात्रंदिवस त्याला वाटायचं, दादाला हे माहीत होतं आणि आपण त्या वेळी जवळा खात बसलो. घाटात मधेच काही तुटलं, आई-बाबांसकट गाडी खाली गेली, तर वर गेल्यावर दादाला काय तोंड दाखवायचं? त्याने गाडी साकीनाक्याला धोंडिराम मेकॅनिककडे नेली. धोंडिराम हा जबरदस्त आत्मविश्वासाचा माणूस. गाडी आत येण्याआधीच त्याने सांगितलं, "व्हॉल्व."

व्हॉल्व पाहिले. "मग बेअरिंग." बेअरिंग बदलली. "मग माउंटिंग. नक्की. लिहून घे." माउंटिंग बदललं. शेवटी त्याने पूर्ण इंजिन उघडलं. रोज सकाळी कामाला हात घालण्याआधी धोंडिराम डॅशबोर्डखाली बांधलेल्या लाल फडक्याच्या पुरचुंडीला नमस्कार करायचा. गाडीला देवाचं काहीतरी बांधलेलं असतंच, त्याला कोण हात लावतो? प्रीतमही रोज तिला उदबत्ती ओवाळायचा. दादाने बांधली असणार, म्हणून जरा जास्तच वेळ.

इंजिन परत जोडून झालं. मूठभर नट उरले.

"हे कुठले?" प्रीतमने विचारलं.

"कंपनी जास्तीचे टाकते," धोंडिराम म्हणाला. "सेफ्टीला."

गाडी गॅरेजच्या बाहेर पडली. "कुडुक."

प्रीतम त्या दिवशी रस्त्याच्या कडेला बसून रडला. लोकांना वाटलं चलान फाटलं असेल.

बघता बघता वर्षश्राद्ध उद्यावर आलं. ते गावच्या घरीच करायचं ठरलं होतं. म्हणजे आज निघालंच पाहिजे. प्रीतमने सकाळी सगळ्यांना गाडीत घातलं. बाबा खाटेवर, वहिनी ओट्याशी, आणि आई नेहमीसारखी इंजिनच्या झाकणावर गोधडी टाकून. भाऊराव मोकळ्या होणाऱ्या पार्किंगकडे प्रेमाने बघत निरोपाला उभे होते.

"भावजी, सावकाश हां," वहिनी म्हणाली. "नाहीच जमलं तर नाही. मनाला लावून घेऊ नका."

"वहिनी, निघताना असं बोलतात?"

कुडुक. कुडुक. रस्त्याला जितके खड्डे तितके कुडुक. गोवंडीपर्यंत प्रीतमने दात आवळून धरले. सिग्नलच्या अलीकडच्या खड्ड्यात गाडी एवढ्या जोरात कुडुकली की त्याचा धीरच सुटला. गाडी कडेला घेतली, आईला उठवलं, झाकण उपटलं आणि पाना घेऊन दिसेल ते ढिलं करायला लागला.

"अरे, तुका काय कळता त्यातला?" बाबा ओरडले.

"मोबाईलवर बघितलंय मी!"

"बघितलंत की शिकलात?" वहिनीने विचारलं. (बाजूने जाणाऱ्या रिक्षावाल्याने थांबून सांगितलं, की असा आवाज त्याच्या मेव्हण्याच्या गाडीला यायचा, ती विकली.) एवढ्यात प्रीतमच्या हातातून एक पितळी तुकडा सटकला, रस्त्यावर दोन उड्या मारून गटाराच्या जाळीतून खाली गेला. पाण्यात पडल्याचा आवाज मात्र अगदी स्वच्छ आला. त्या आवाजाबद्दल कोणालाच शंका नव्हती.

प्रीतम सीटवर येऊन बसला. त्याने कपाळ डॅशबोर्डवर आपटलं.

"कुडुक."

तो थांबला. इंजिन बंद होतं. इंजिन कसलं, निम्मं तर उघडून ठेवलेलं होतं. त्याने पुन्हा कपाळ आपटलं.

"कुडुक."

"डोकं फुटेल, भावजी!"

"थांब वहिनी." त्याने तिसऱ्यांदा आपटलं आणि कान दिला. आवाज इंजिनातून नव्हताच. तो डॅशबोर्डखालून, त्या लाल पुरचुंडीतून येत होता. त्याने हात घातला. फडकं तारेने पक्कं आवळलेलं होतं. तार सोडवून पुरचुंडी कानाशी हलवली. आतमध्ये नारळ होता. इंजिनच्या उष्णतेत सुकून आतलं खोबरं कधीचंच सुटलं होतं, आणि तो गोटा करवंटीत फिरत होता. खुळखुळ्यासारखा.

वर्षभर ज्याला उदबत्ती ओवाळली, तो नारळ. ज्याच्यासाठी व्हॉल्व, बेअरिंग, माउंटिंग आणि अख्खं इंजिन गेलं, तो नारळ. प्रीतमला हसावं की ओरडावं कळेना. त्याने दोन्ही केलं.

"हा कोणी बांधला?"

बाबांनी वहिनीकडे पाहिलं, वहिनीने आईकडे. आई रस्त्याकडे बघत होती.

"मी," ती म्हणाली. "डॉक्टरने सुयोगला जपायला सांगितलं ना, तेव्हा. देवीला बोलले होते, माझ्या पोराला बरं कर, तो स्वतः ही गाडी हाकत येईल आणि तुझ्या पायरीवर नारळ फोडील."

"आई, तुला माहीत होतं? आणि मी इकडे वर्षभर..."

"त्यालाही माहीत होतं. त्याने बघितला, काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी बघते तर फडक्यावर तारेचा वेढा. पडू नये म्हणून." आईने पुरचुंडी त्याच्या हातातून घेतली. "गेल्यावर सगळं आवरलं रे मी. कपडे दिले, चष्मा दिला, चपला दिल्या. पण हा काढला असता तर नवस संपला असता. मग मी देवीकडे कोणासाठी काय मागायचं?"

मग प्रीतम खाली उतरला आणि डोळे पुसताना तिने बघू नये म्हणून गाडीच्या मागे गेला. तिथे बाबा आधीच उभे होते, त्याच कामासाठी.

बऱ्याच वेळाने तो परत सीटवर बसला. आवाजाचा तर निकाल लागला होता. त्याने मोकळं केलेलं सगळं अंदाजाने जागच्या जागी बसवलं, दादाचं नाव घेतलं आणि चावी फिरवली.

गाडी गप्प. कुडुक नाही, काही नाही. गेलं वर्षभर त्याला हवी होती, तशी संपूर्ण शांतता.

दुपारी एका पाण्याच्या टँकरने दोरी लावून गाडी परत घाटकोपरला आणून सोडली. भाऊरावांनी तोवर त्या जागेवर स्वतःची स्कूटर, मुलाची स्कूटर आणि दोन कुंड्या ठेवल्या होत्या.

प्रीतम पायरीवर बसला. "वर्ष आज संपतंय. कावळ्यासमोर बोललो होतो मी. दादाला एक शब्द दिला आयुष्यात, तोही..."

"बसची चार तिकिटं काढलीयत मी," वहिनी म्हणाली. "रात्रीची. गेल्या सोमवारीच."

"वहिनी!"

"माझा तुमच्या दादावर विश्वास होता, तुमच्यावर जीव आहे. दोन्ही वेगळं असतं, भावजी."

बाबा मात्र विचारात पडले होते. कोकणातला माणूस देवाशी भांडून कधी संबंध तोडत नाही, तो बोलणी करतो. "प्रीतम," ते म्हणाले, "तू काय बोललंस? गाडीतून गावाक नेतंय. आज गाडी गावाच्या वाटेक लागली, की अर्धो शब्द पुरो झालो. उरलेल्या अर्ध्याचा मी बघतंय. ढकल!"

"कुठे?"

"गावाच्या दिशेन! जितकी जाता तितकी!"

तिघे गाडीत बसले. आईने नारळ मांडीवर घेतला. प्रीतमने मागून खांदा लावला, पाय रोवले, जीव खाऊन जोर केला. गाडी तसूभर हलेना. तोंड लाल झालं, पाठ भरून आली.

"हँडब्रेक, प्रीतम," भाऊरावांनी कुंडी उचलता उचलता सांगितलं.

हँडब्रेक सुटल्यावर गाडी सरकली. प्रीतमने कंपाउंडमधून तिला ढकलत, मधेच धावत पुढे येऊन स्टिअरिंग वळवत, फाटकाच्या तोंडाशी आणून उभी केली. बाबा दारात उभे राहिले, पदर घेऊन आई मागे, आणि बाबांनी हात जोडून गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" वहिनी म्हणाली. वॉचमनही म्हणाला.

"तुझा एक लेकरू तुझ्याकडे येवक निघालला, ता वाटेतच रवला. दुसऱ्यान शब्द दिल्यान, पण तेचा डोक्या तुका म्हायत आसा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हे सगळ्यात मोठ्याने भाऊराव म्हणाले.

"गाडी जितकी इली तितकी गोड मानून घे. नारळ उद्या बसने येता. थोरल्याक तुझ्यापाशी सुखान ठेव, आणि धाकट्याक अक्कल दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आईने गावाच्या दिशेने नारळ कपाळाला लावला आणि वर्षभरात पहिल्यांदा मोकळी रडली. मग शांत झाली. गोधडी पसरून खाटेवर आडवी झाली. बाबा तिच्या पायाशी बसल्या बसल्या पेंगले. दादाने बांधलेल्या घरात दोघांना बघता बघता झोप लागली. प्रीतम घामाने निथळत दारात उभा राहून बघत होता. शब्द पाळला होता, कसा का होईना.

वहिनीने हळूच त्याच्यासमोर मोबाईल धरला. बसचा रस्ता बघायला तिने नकाशा उघडला होता.

"भावजी, कोकण दक्षिणेला ना?"

"मग?"

"हे तोंड नाशिककडे आहे."

प्रीतमने नकाशाकडे पाहिलं. फाटकाकडे पाहिलं. फाटक ज्या बाजूला त्याच बाजूला गाव, एवढाच त्याचा भूगोल होता. झोपलेल्या आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग चपला काढून बाजूला ठेवल्या, हँडब्रेक आवाज न करता सोडला, आणि गाडीच्या पुढे जाऊन खांदा लावला.