निघाची वाट

पटले काकाजी होते म्हणून मी आज इकडं भाताच्या पट्ट्यातल्या गोरेगावात टिकून आहे. त्यांचं नाव आधी घेतो, मग काय झालं ते सांगतो.

काकाजी कुठंही शिरले की आधी बाहेर पडायची जागा शोधतात. एसटीत चढले की मागच्या दाराची कडी हलवून बघतात आणि कंडक्टरच्या शिव्या खातात. लग्नात नवरा-नवरीच्या आधी मांडवाचं मागचं फाटक बघतात. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काय होतंय?" तर म्हणाले, "सांगतो जी, पहिले निघाची वाट कोठी हाये?"

मी सांगोल्याकडचा. नववीत शाळा सुटली, तांदळाच्या ट्रकवर क्लीनर म्हणून इकडं आलो आणि राइस मिलमध्ये चिकटलो. मिलची काँप्युटरं काकाजींकडं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "तुही निघाची वाट कोठी हाये गा?" मला वाटलं, आलो नाही तोच हाकलतायत. मी पिशवी उचलली. तर म्हणाले, "बस गा! गावाले जाची गाडी कोणती, ते इचारून राहिलो."

मागच्या खोलीत एक मोठा सर्व्हर होता. त्या एका खोक्यात बरीच काँप्युटरं नांदायची, एका घरात चार चुली असाव्यात तशी. एक वजनकाट्याचं, एक बिलांचं, एक गोदामाचं. खोली गार ठेवायची, लाइन गेली की जनरेटर लावायचा, कुठलं रुसलं तर उठवायचं, हे माझं काम. दुपारी त्या घुमण्यानं डोळा लागायचा आणि खिडकीबाहेरच्या बांध्यांमधलं, म्हणजे भातखाचरांतलं, पाणी स्वप्नात यायचं. आमच्याकडं एवढं पाणी मी स्वप्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

एक दिवस शेठजी आले. "पटलेजी, सब क्लाउड पे डालो. कंपनी तुम चुनो. ये खोली खाली करो."

म्हणजे आमची काँप्युटरं दुसऱ्या कंपनीच्या मोठ्या यंत्रांवर भाड्यानं राहायला जाणार. खोली गेली की मीही गेलो.

रोवण्याचे दिवस होते. कंपन्यांची माणसं येऊ लागली. काकाजी त्यांना ऑफिसात बसवेनात. मिलमागच्या आपल्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं करायचे. खाली बायका चिखलात भाताची रोपं लावायच्या.

पहिले साहेब म्हणाले, "जुनं काही ठेवायचंच नाही. सगळं नव्यानं लिहून देतो."

"वजनकाटा बराबर चालून राहिला ना? मंग कायले लिहता?"

दुसरे म्हणाले, "एका बटणात सगळं आत!"

"अन् बाहेर?"

"बाहेर कशाला जाल सर?"

"तुम्ही जेवता जी. मंग बाहेर जाता का नाही?"

बायका चिखलात बसून हसल्या. साहेब बुटांसकट गाडीकडं पळाले.

तिसऱ्या नागपूरच्या एक मॅडम. चपला हातात घेऊन धुऱ्यावर चढल्या. म्हणाल्या, "तुमची यंत्रं इथं चालतात तशीच आमच्याकडं चालतील, काही बदलायचं नाही. नको वाटलं तर तशीच परत नेता येतील."

"परत आणून दाखवा. मंग बोलू."

मॅडमनी खरंच गोदामाचं काँप्युटर एकटं आपल्या कंपनीच्या यंत्रावर नेलं, चालवून दाखवलं आणि जसंच्या तसं परत आणलं. माहेरपणाला आलेल्या लेकीकडं बघावं तसे काकाजी त्या स्क्रीनकडं बघत बसले.

शेठजी धुऱ्यावरच आले. "तो फायनल? फिर इस लडके का क्या काम?"

माझे पाय चिखलात होते, तसेच रुतले. काकाजी खाली वाकले आणि पऱ्ह्याची, म्हणजे रोपांची, एक जुडी उचलली. या जुडीवरून त्यांचं बायकांशी रोजचं भांडण. मुळाची माती झटकू नका, काकाजी म्हणायचे. ओझं काय तुम्ही वाहता काकाजी, त्या म्हणायच्या.

"शेठजी, माती झटकली तं पऱ्हा पिवळा पडते. कोणती मशीन कव्हा रुसते, याले मालूम हाये. तिकडे गेल्यावरबी ते रुसतीलच. हाबी सोबत पाह्यजे, इथंच बसून त्यायले उठवील."

शेठजींनी जुडीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "ठीक है, रख लो. पर वो कीचड नीचे रखो, पटलेजी."

ते गेल्यावर आम्ही धुऱ्यावर बसलो. बांधीच्या पाण्यात ढग सावकाश सरकत होते. रोवलेली रोपं त्या ढगांतूनच उगवल्यासारखी दिसत होती. मला आभार मानायचे होते.

काकाजीच बोलले. "माह्या पोराले बेंगलोरले धाडलं ना गा, तं मी जाचीच गाडी पाह्यली. वापस याची पाह्यलीच नाही."

मी पायाचा चिखल खरवडू लागलो.

"दर आइतवारी फोन करते. येतो म्हणते." पाण्याकडं बघत म्हणाले, "चांगला हाये तो."

मग उठले, धोतर झटकलं आणि पाणी निघायची वाट मोकळी आहे का ते बघायला बांधीच्या टोकाला गेले.

काकाजी, तुमचे उपकार मी फेडीन. एक दिवस तुम्हाला बेंगलोरला नेईन. जाताना तिकिटं दोन काढीन, येताना तीन.