तावडेकाकांच्या दोन बॅटी

आमच्या भांडुपच्या चाळीतले तावडेकाका कुठलीही वस्तू आधी बोटाने ठोकत आणि मग कान लावून ऐकत. नारळ, दरवाजा, शेजाऱ्याचं नवं कपाट. एकदा माझ्या डोक्यावर टकटक करून म्हणाले, "पोकळ नाय. पण भरलेला पण नाय."

विक्रोळीच्या एका कारखान्यात ते ओतकामाचे लाकडी नमुने घडवत; त्या नमुन्यांवरून साचे बनत आणि साच्यांत धातू ओतला जाई. बायको वारलेली. मुलगी सुषमा शाळेच्या बेसबॉल संघात होती. तिच्यासाठी त्यांनी स्वतः लाकडी बॅट घडवली आणि सगळ्या मुली त्याच बॅटीने खेळू लागल्या. सरावाला काका मैदानाकडे पाठ करून बसत. आपण बघितलं की पोरगी चुकते, ही त्यांची खात्री. पण फटका कुणाचा, ते नुसत्या आवाजावरून सांगत, "ही आमची. टोकाक लागलो."

जिल्ह्याच्या निवडीला आठवडा उरला असताना सरांनी ॲल्युमिनियमची बॅट आणली. बाकीच्या मुलींनी लगेच ती धरली. सुषमा बापाच्या तोंडाकडे बघत राहिली.

सोमवारी काका म्हणाले, "लाकूडच." मंगळवारी, "धातू हलको आसा, मनगट वाचात." बुधवारी, "पण धातूक आकार कोण देता? माझा लाकूड!"

"म्हणजे लाकूड ना?" मी विचारलं.

"तसा नाय. पण तसाच."

मी तेव्हा पत्रकं लिहायचो. माणसाने बाजू घेतलीच पाहिजे, असं माझं ठाम मत. हाताची कला आणि यंत्राचा माल यांवर दोन जळजळीत पानं लिहून मी काकांना वाचून दाखवली.

"झकास! आता धातूच्या बाजून लिही."

लिहायला बसलो, तर तेही पटू लागलं. माझी पार वाट लागली.

रविवारी निवडीच्या मैदानावर सुषमाच्या हातात ॲल्युमिनियमची बॅट. "बाबांनीच सांगितलं," ती म्हणाली. मी तडक जाब विचारायला गेलो. काका नेहमीसारखे पाठ करून कट्ट्यावर, मांडीवर लाकडी बॅट.

"काका, ही माघार का?"

"चेंडू लांब जाता रे. निवड तिची आसा, माझी नाय."

मागे टण्ण झालं. मुली ओरडल्या. काकांनी कान टवकारले, मग गोंधळून माझी बाही धरली. धातूवर सगळ्यांचा आवाज सारखाच.

"बघ रे जरा. आमची होती काय?"

चेंडू पार कुंपणाबाहेर गेला होता आणि सुषमा धावत होती.

"तुमचीच," मी म्हणालो.

काकांनी मांडीवरच्या बॅटीला बोटाने एकदा ठोकलं आणि कान लावला.